चिऱ्याचं जुनं घर, लादीचं काम आणि दम्याचा मुलगा: धूळ आवरायची कशी?

अबोली_माशेल (१२ जानेवारी)

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही.

आमचं घर गोव्यात माशेलला. चिऱ्याचं, कौलारू, मध्ये राजांगण. मामंजींच्या वडिलांनी बांधलेलं. दोन खोल्यांतला लाल कोबा फुटलाय, खालची माती वर येते, मुंग्यांनी घर केलंय. तो काढून लादी घालायची आहे. वायरिंग सगळं जुनं आणि उघडं आहे, ते भिंतीत घालायचं तर झिरी (खाच) मारावी लागणार. न्हाणीघराची लादीही बदलायची. मेस्त (गवंडी) दीड महिना म्हणतो. पाऊस लागला की काहीच सुकत नाही आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) घर तयार हवंच, म्हणून फेब्रुवारीत सुरुवात करायचं ठरलंय.

अडचण मुलाची आहे. नऊ वर्षांचा आहे, दमा आहे. तपासणीत गादीतल्या धुळीच्या माइटची (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची) आणि बुरशीची ॲलर्जी निघाली. रोजचा पंप चालू असतो आणि एरवी तो छान खेळतो. पण मागच्या मार्चमध्ये शेजारच्या घरात नुसती पुट्टी घासत होते, तेवढ्यावर रात्री दोन वाजता त्याला घेऊन फोंड्याला दवाखान्यात धावलो. गाडीत पुढे वाकून बसला होता, दोन शब्दही सलग बोलता येत नव्हते. ती रात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दीड महिना सगळ्यांनी दुसरीकडे राहणं जमणार नाही. मामंजी ७६ वर्षांचे, ते घर सोडत नाहीत. मुलाची शाळा इथेच. मेस्ताला विचारलं तर म्हणाला, "वहिनी, दाराला प्लास्टिक लावूया." तेवढ्याने भागेल का? घरात राहून ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगावं.

कुळागर (१२ जानेवारी)

अबोलीताई, पूर्ण दीड महिना नको, पण तोडफोडीचे दिवस तरी मुलाला आजोळी पाठवा. कोबा फोडणं, न्हाणीघराची लादी उखडणं, झिऱ्या मारणं, हे सगळं मेस्ताला सलग करायला लावलं तर आठ-दहा दिवसांत आटोपतं. आमच्या मुलीला आम्ही त्या दिवसांत मामाकडे ठेवलं होतं, शाळेला तिथूनच सोडायचो. काम संपल्यावरही दोन दिवस तिला आणलं नाही.

दुसरं म्हणजे पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा जोर मोजायचं साधन घ्या, औषधांच्या दुकानात मिळतं. काम सुरू होण्याआधी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकायला लावून आकडे वहीत लिहा. त्याचा सगळ्यात चांगला आकडा किती ते कळलं पाहिजे. आकडा त्याच्या ८० टक्क्यांखाली गेला की सावध व्हायचं, ५० टक्क्यांखाली गेला तर दवाखान्यात नेण्यात वेळ घालवायचा नाही. आमच्या मुलीला खोकला लागायच्या आदल्या दिवशीच आकडा घसरलेला दिसायचा. आणि काम निघतंय हे डॉक्टरांना आधीच सांगा. कुठल्या वेळी काय द्यायचं ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, म्हणजे रात्री घाबरलेल्या डोक्याने आठवत बसावं लागत नाही.

डिचोली_टँकर (१३ जानेवारी)

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री लिहायलाच बसलो.

मी डिचोलीचा. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत अकरा वर्षं खाणीच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर चालवला. खनिजाचे ट्रक धावायचे त्या रस्त्यावर पाणी मारत राहायचं, हेच काम. दमाही मला त्याच वर्षांत लागला. २०२१ साली घराची दुरुस्ती काढली, घर तुमच्यासारखंच, चिऱ्याचं आणि कौलारू, आणि आम्ही आतच राहिलो. पहिल्या आठवड्यात चुका केल्या, त्या तुमच्या हातून होऊ नयेत.

प्लास्टिक दाराला लावून भागणार नाही. मीही तेच केलं होतं. पुढच्या खोलीत कोबा फोडला, मधलं दार वरपासून खालपर्यंत बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातल्या समईवर लाल थर. मला कळेना की दार बंद असताना ही आली कुठून. मग मान वर केली. आपल्या जुन्या घरांत खोल्यांमधल्या भिंती कौलापर्यंत जातच नाहीत. वर वासे आणि कौलं सगळ्या घराची एकच. धूळ भिंतीवरून चढून सगळ्या खोल्यांत उतरते. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये दाराचं प्लास्टिक कामाला येतं, कौलाखाली येत नाही.

म्हणून उलटं करा. कामाची खोली बंद करत बसू नका, मुलाची झोपायची खोली बंद करा. त्या खोलीला वरून छत घाला. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी दोर बांधा आणि त्यावर ताडपत्री ताणा, मच्छरदाणीच्या छतासारखी. कडेने ती भिंतीला घट्ट बसली पाहिजे. टेप वापरायला जाऊ नका, चुन्याच्या भिंतीला ती धरत नाही. मी संध्याकाळी लावलेली टेप सकाळी चुन्याच्या पापुद्र्यांसकट खाली आली होती. ताडपत्रीच्या काठावर लाकडी रीप ठेवून खिळे मारा. दाराला दोन प्लास्टिक, एक डावीकडून, एक उजवीकडून, मध्ये हातभर एकमेकांवर. आत जाताना एक बाजूला करायचं आणि मागून सोडायचं. खोलीची बाहेर उघडणारी एक खिडकी मात्र कामाच्या उलट बाजूला असू द्या, हवा हवीच.

त्याच खोलीत हेपा फिल्टरचं हवा शुद्ध करायचं यंत्र ठेवा. हेपा ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. खोलीच्या मापाचं घ्या, लहान यंत्र मोठ्या खोलीत काही करत नाही. ओझोन सोडणारं यंत्र कोणी स्वस्तात देत असला तरी घेऊ नका, त्या वायूने छाती आणखी आवळते. आणि हे यंत्र कामाच्या खोलीत ठेवू नका, एका दिवसात फिल्टर बुजेल.

आता पाणी. टँकरवर पहिल्याच महिन्यात कळलं होतं की धूळ उडाल्यावर मारलेलं पाणी फुकट जातं. उडायच्या आधी मारायचं. कोबा फोडायचा त्याच्या आदल्या रात्री तो भिजवून ठेवा. फुटलेल्या भेगांतून पाणी खालच्या मातीत उतरतं आणि सकाळी माती ढेकळं होऊन निघते. फोडताना हातपंपाने, आंब्यावर औषध मारतो तसला, बारीक फवारा सतत चालू ठेवा. बादली ओतू नका, चिखल होतो आणि चिखल सुकला की तीच धूळ चपलांतून घरभर जाते. राडारोडा घमेल्यात भरायच्या आधी परत फवारा. बाहेर ढीग झाला की त्यावर ओलं गोणपाट. खाणीच्या ट्रकांवर ताडपत्री बांधायचे ते याच कारणाने. अंगणातला सुका ढीग दुपारच्या वाऱ्यात परत घरात येतो.

एक धोका सांगून ठेवतो. पाणी आणि कोबा फोडायचं विजेचं यंत्र (ब्रेकर) एकत्र आले की जीव जातो. फवारा जमिनीवर, यंत्रावर नाही. बोर्डाला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसलेला आहे की नाही ते वायरमनला आधी तपासायला लावा. जुन्या घरात तो बहुतेक नसतोच. नसेल तर सगळ्यात आधी तो बसवा, मग बाकीचं काम.

वाऱ्याचंही बघा. फेब्रुवारीत आपल्याकडे सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेकडून येतो. दुपारकडे समुद्रावरचा सुटतो आणि दिशा पालटते. कामाची खोली पश्चिमेला असेल तर धुळीचं काम सकाळीच उरका, दुपारी तोच वारा सगळं आत ढकलेल. कामाच्या खोलीच्या खिडकीत मोठा पंखा तोंड बाहेर करून लावा, खिडकीची उरलेली जागा पुठ्ठ्याने बुजवा. घरातली हवा त्या खोलीकडे ओढली जाऊन बाहेर गेली पाहिजे. बरोबर चाललंय का ते बघायला दाराच्या चौकटीला फुलांच्या गजऱ्याचा सुटा धागा टांगा. धागा कामाच्या खोलीकडे झुकला तर ठीक. घराकडे झुकला तर काम थांबवा.

काम थांबल्यावर पंखा लगेच बंद करू नका. डोळ्यांना दिसते ती धूळ पाच-दहा मिनिटांत खाली बसते. दिसत नाही ती तासन्‌तास तरंगते आणि छातीत खोल जाते ती हीच. मी काम संपल्यावर दोन तास पंखा चालू ठेवायचो.

आणि केरसुणी त्या दीड महिन्यात माळ्यावर टाका. झाडलं की बसलेली धूळ सगळी परत वर. ओल्या फडक्याने पुसायचं, पाणी दर खोलीला बदलायचं, गढूळ पाण्याने पुसलं तर सुकल्यावर पांढरा थर तसाच राहतो. छताचे पंखे पुसल्याशिवाय लावू नका. पुसायचं काम मुलाने आणि दम्याच्या कोणीच करायचं नाही. मी ऐकलं नाही, स्वतः पुसलं, आणि तीन दिवस अंथरुणात होतो.

म्हापसा_साईट (१३ जानेवारी)

मी साईट सुपरवायझर आहे, वीस वर्षं हेच करतो. वरच्या दादांनी कौलाचं जे सांगितलंय ते अगदी खरं, मी यात मेस्ताच्या बाजूचं सांगतो.

अबोलीताई, झिऱ्या मारूच नका. चिऱ्याच्या भिंतीत कटर घातला की चिरा भुसभुशीत होऊन कडेने ढासळतो, दोन इंचांची झिरी चार इंचांची होते आणि मग ती भरायला सिमेंट. त्यापेक्षा वायर भिंतीवरून पीव्हीसी पाइपातून न्या, वाश्यांच्या कडेने आणि दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून. नीट लावला तर डोळ्यांत खुपत नाही, आणि सगळ्यात वाईट धूळ तयारच होत नाही.

दुसरी धूळ लादी कापण्याची. विट्रिफाइड लादीत सिलिका (वाळूतलं खनिज) भरपूर असते आणि कटरने सुकी कापली की तिचं पीठ होतं. हे फक्त मुलासाठी म्हणत नाही. आमच्या धंद्यातले किती तरी लोक चाळिशीतच जिना चढताना थांबतात. सिलिका फुप्फुसात जाऊन बसली की परत निघत नाही, तिने होणाऱ्या सिलिकोसिस रोगाला औषध नाही. सरळ कापांसाठी हाताचा लादी कटर मिळतो, चाकाने रेघ ओढायची आणि दांडा दाबायचा, धूळ जवळजवळ शून्य. नळाच्या भोकासाठी आणि कोपऱ्यांसाठीच मशीन लागतं. ते पाण्यावर चालणारं घ्या आणि घरामागे, मुलाच्या खिडकीपासून लांब चालवा.

हे सगळं तोंडी सांगू नका. मेस्ताशी दर ठरतानाच कागदावर घ्या: लादी बाहेर कापायची, एक माणूस फक्त फवारा आणि पुसण्यासाठी, रोजचा राडा रोज बाहेर, ये-जा मागच्या दाराने. त्या एका माणसाची मजुरी तुम्ही वेगळी द्या. आम्हाला लादीच्या चौरस फुटावर पैसे मिळतात, पाणी मारण्याचे कोणी देत नाही, म्हणून कोणी मारत नाही. आणि माणसांना एन९५ मास्क आणून द्या, चेहऱ्याला रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही.

अबोली_माशेल (१४ जानेवारी)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बॅटरी घेऊन वर बघितलं, खरंच भिंतींवर हातभर मोकळं आहे. इतकी वर्षं या घरात राहून कधी लक्षात आलं नव्हतं.

दोन गोष्टी राहिल्या. एक, दारं-खिडक्या. चाळीसेक वर्षांपासून थरावर थर ऑइलपेंट चढलाय, ते घासून पॉलिश करावं असं ह्यांचं म्हणणं. दुसरं, भिंतींना पुट्टी लावावी की नाही? मागचा अनुभव पुट्टीचाच आहे, नुसतं नाव घेतलं तरी मला धडकी भरते.

डिचोली_टँकर (१४ जानेवारी)

दारं सुकी घासू नका, ताई, अजिबात नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायद्याची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. शिशाची धूळ दम्याच्या पलीकडची गोष्ट आहे, ती मुलांच्या मेंदूवर जाते. रंग धरून असेल तर त्यावर नवा रंग द्या आणि जुना आत राहू द्या. पापुद्रे सुटत असतील तर दार बिजागरीवरून काढून अंगणात प्लास्टिकवर ठेवा, पाणी मारून ओलं खरवडा, खरवडलेलं सगळं पिशवीत बांधा. मुलगा घरी नसताना. आगीच्या झोताने रंग जाळून काढायचं तर नावच नको.

पुट्टीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चिऱ्याच्या चुनाभिंतीला पुट्टी लावू नये. पावसात ओल बाहेर यायला वाट राहत नाही, वर्षा-दोन वर्षांत फुगून सुटते आणि मागे बुरशी धरते. तुमच्या मुलाला बुरशीचीही ॲलर्जी आहे असं तुम्ही लिहिलंय. चुना द्या, दर वर्षी चवथीआधी देतो तसाच. न्हाणीघराजवळ सिमेंटच्या भिंतीला लावायचीच असेल तर पातळ हात द्या, आणि घासताना वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासा.

अजून एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. लादी बसली की मेस्त वरचं सिमेंट काढायला ॲसिड मारतात. त्याचा धूर धुळीपेक्षा वाईट, मी तोंडावर फडका धरून अंगणात पळालो होतो. सिमेंट ओलं असतानाच स्पंजने पुसून घ्यायला सांगा, मग ॲसिड लागतच नाही. आणि न्हाणीघरात ॲसिडवर ब्लीचिंग पावडर कधीही पडू देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

अबोली_माशेल (२९ मार्च)

काल लादीचं काम संपलं. उशीर झाला, पण विचारून गप्प बसणं बरं नाही, म्हणून सांगते काय काय झालं.

कोबा आणि न्हाणीघर फोडायला नऊ दिवस लागले, मुलगा अकरा दिवस आजोळी होता. वायर भिंतीवरूनच नेली. ह्यांना आधी पटलं नव्हतं, पण एका खोलीत मेस्ताने नमुन्याला हातभर झिरी मारून दाखवली आणि चिरा कोपऱ्यापासून सुटला, तेव्हा स्वतःच थांबा म्हणाले. आरसीसीबी नव्हताच, पहिल्या दिवशी बसवला.

मुलाच्या खोलीवर ताडपत्री ताणली, रिपा मारल्या. दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर बोट फिरवलं तर नखभर माती. ती सगळी त्याच्या अंथरुणावर पडली असती. मामंजी पण त्याच खोलीत झोपायला आले. धागा त्यांनीच टांगला आणि रोज सकाळी खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. धागा फिरला की मेस्ताला हाक.

एक रात्र वाईट गेली. सुताराने मला न सांगता मागच्या पडवीत दोन खिडक्या सुक्या घासल्या आणि मुलगा शाळेतून तिथूनच आत आला. संध्याकाळी आकडा घसरला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे स्पेसरने (पंपाला जोडायच्या नळकांड्याने) पंप दिला, तासाभराने परत फुंकायला लावलं, रात्री अकरापर्यंत आकडा जागेवर आला. फोंड्याला जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळी पडवी ओली पुसून काढली, खरवडलेला रंग पिशवीत बांधला, आणि उरलेल्या चार खिडक्या तशाच ठेवल्या आहेत. त्यांच्यावर नवा हात देणार, घासणार नाही.

फवाऱ्याला माणूस वेगळा ठेवला, बावीस दिवस. त्याच्या मजुरीइतका चांगला खर्च या सगळ्या कामात दुसरा झाला नाही. ॲसिड मारू दिलं नाही, त्यावरून मेस्ताशी एकदा वाजलं, पण त्याने स्पंजने पुसून घेतलं.

ताडपत्री अजून काढलेली नाही. वासे आणि कौलांची आतली बाजू ओल्या फडक्याने दोनदा पुसून होईपर्यंत ती तशीच राहील. ती काढताना चारही कोपरे आत दुमडून काढायची ना, म्हणजे वरची माती खाली पडणार नाही? टँकरदादा, हे एवढं सांगा. आणि माशेल, खांडोळा, कुंभारजुवे भागात कोणाच्या घरी दम्याचं माणूस असेल आणि काम निघणार असेल तर ताडपत्री, दोर आणि खिडकीचा पंखा आमच्याकडून न्या. पावसाआधी लागणार असेल तर आताच कळवा.

डिचोली_टँकर (२९ मार्च)

आधी वरून फवारा मारा, माती ओली होऊ द्या. मग दोघांनी दोन बाजूंनी कोपरे आत घेत गुंडाळा आणि गुंडाळी तशीच दाराबाहेर. मुलगा शाळेत असताना. मामंजींना माझा नमस्कार सांगा.